वरचे पान आणि आतले पोट : व्हिनियर निवडताना सुरतेच्या पेटीकडून शिकण्यासारखे

'घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून' असे आपण मराठीत म्हणतो आणि शेजारच्या काकू तेच कन्नडमध्ये म्हणतात, 'मने कट्टि नोडु, मदुवे माडि नोडु!' दोन्ही भाषांना एकच अनुभव सांगावासा वाटला, यातच सारे आले. घर बांधून होते, रंग होतो आणि मग फर्निचरचा विषय निघतो. मेस्त्री हिशेब करतो आणि म्हणतो, 'सगळे सागवानात करायचे तर बजेट हाताबाहेर जाईल. प्लायवर सागाचे व्हिनियर लावू.' हे ऐकले की घरातील ज्येष्ठ मंडळींचा चेहरा उतरतो. 'म्हणजे वरून चिकटवलेले? खोटे लाकूड?'

शंका रास्त आहे. आयुष्यभराची बचत घालून केलेले कपाट दोन पावसाळ्यांत फुगले तर कोणाला वाईट वाटणार नाही? पण दोष नेहमी वरच्या पातळ लाकडाचा असतो का? या प्रश्नाचे उत्तर शोधायला थोडे सुरतेला जाऊन येऊ.

सुरतेची सादेली

सुरत म्हटले की आपल्याला लग्नाच्या साड्या आठवतात, हिरे आठवतात, घारी आठवते. पण याच शहरात सादेली नावाची एक जुनी लाकूडकला आहे. ही कला इराणातील शिराझहून सिंधमार्गे इकडे आली, असे सांगितले जाते. कारागीर वेगवेगळ्या रंगांच्या लाकडाच्या, हाडाच्या, शिंगाच्या आणि धातूच्या बारीक काड्या तासून घेतात. त्रिकोणी, चौकोनी अशा या काड्या नक्षीप्रमाणे जुळवून एकत्र चिकटवल्या की एक जाड जुडी तयार होते. मग ती जुडी करवतीने आडवी कापायची. काकडीच्या चकत्या कराव्यात तसे काप पडतात आणि प्रत्येक कापावर तीच चांदणी, तेच फूल उमटलेले असते. हे पातळ काप लाकडी पेटीवर चिकटवून, घासून, पॉलिश केले की झाली सादेलीची पेटी.

सुरतेतून ही कला मुंबईत गेली. एकोणिसाव्या शतकात साहेबांच्या घरांत या पेट्या 'बॉम्बे बॉक्स' म्हणून मिरवू लागल्या. 1851 साली लंडनमध्ये भरलेल्या मोठ्या प्रदर्शनातही त्या मांडल्या होत्या. आपल्याकडे सुतार आणि बडिगेर ही आडनावे जशी कामावरून पडली, तसेच पारशी समाजातील पेटीगरा हे आडनाव पेट्या बनवण्यावरून पडले. पूर्वी या कामात हस्तिदंत भरपूर वापरत. हस्तिदंताच्या व्यापारावर कायद्याने बंदी आल्यानंतर त्याची जागा इतर साहित्याने घेतली. आता हे काम करणारे हात मोजकेच उरले आहेत, मात्र अलीकडच्या वर्षांत या कलेला भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

आपल्याला जवळचे उदाहरण म्हैसूरचे. तिथे शिसवी लाकडात, म्हणजे कन्नडमधील 'बीटे'त, खाचा कोरून त्यात नक्षीचे तुकडे बसवतात. सुरतेत नक्षीचे काप वरून चिकटवतात. पण सादेलीच्या पेटीला कोणी 'खोटी' म्हटले नाही! जुन्या पेट्या पाहिल्या तर त्या बिघडतात कुठे, हेही कळते. नक्षी झिजत नाही. हवेतील ओलाव्याने आतले लाकूड फुगते-आकसते, सरस सुटतो आणि तुकडे गळतात. म्हणजे दुखणे असते ते पोटात आणि चिकटवणीत. घरच्या व्हिनियरचेही नेमके तसेच आहे.

व्हिनियर म्हणजे काय?

व्हिनियर हे खरेच लाकूड असते. ओंडका वाफवून किंवा गरम पाण्यात मऊ करून धारदार पात्याने त्याची पाने काढतात. पान साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचे. करवतीसारखा भुसा पडत नसल्याने एक इंच जाडीच्या लाकडातून पन्नासच्या आसपास पाने निघू शकतात. शिसवाच्या ज्या फळीत एक टेबल झाले असते, त्यात घरभरची दारे सजतात. शिसवाच्या सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 2017 पासून निर्बंध आहेत. अशा वेळी चांगले लाकूड पुरवून वापरणे हा शहाणपणाच म्हणायचा.

दुकानात तीन गोष्टी शेजारी शेजारी दिसतील. पहिले नैसर्गिक व्हिनियर. यात कोणतीही दोन पाने हुबेहूब सारखी नसतात. दुसरे रिकॉन व्हिनियर. यात लवकर वाढणाऱ्या झाडांची पाने रंगवून, थरावर थर चिकटवून ठोकळा करतात आणि तो पुन्हा कापतात. सादेलीची जुडीच जणू, फक्त यंत्रावरची! याची रेघ सर्व शीटवर एकसारखी येते. तिसरे लॅमिनेट, ज्याला आपण सरसकट सनमायका म्हणतो. त्यावरचे लाकूड हे कागदावर छापलेले चित्र असते. यातील कुठलीच वस्तू वाईट नाही. एकाच्या भावात दुसरी गळ्यात पडू नये, एवढेच पाहायचे.

खरी परीक्षा पाण्याची

ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला आणि सुरतेचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. आपल्याकडे ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा-पंचगंगेने सांगली, कोल्हापूर, चिकोडी, अथणी भागात काय केले, ते वेगळे सांगायला नको. पुराचे सोडा, खानापूर-चंदगडकडचा नेहमीचा पावसाळाही भिंतींना ओल आणतोच. अशा ठिकाणी वरचे पान सागाचे की अक्रोडाचे, यापेक्षा खालचे प्लाय कोणत्या चिकटवणीचे, हा प्रश्न मोठा ठरतो.

प्लायवर 'एमआर' लिहिलेले असते. ते हवेतील दमटपणा सोसते, साचलेले पाणी नाही. 'एमआर म्हणजे वॉटरप्रूफच हो' असे कोणी म्हणाले तर मान डोलवू नका. पाण्याजवळच्या कामासाठी आयएस 710 या मानकाचे मरीन प्लाय मागा. त्याची चिकटवण उकळत्या पाण्यात 72 तास ठेवून तपासतात. कोरड्या भिंतीवरच्या शोकेसला मात्र इतका खर्च करण्याची गरज नाही. शीटवर आयएसआयचे चिन्ह आणि मानकाचा क्रमांक पाहा आणि तोच क्रमांक बिलावर लिहून घ्या. तक्रार करायची वेळ आली तर तोंडी शब्द उपयोगी पडत नाही, बिल पडते.

दुकानात गेल्यावर

हातभर तुकड्यावरून निवड करू नका. आठ बाय चारची पूर्ण शीट उभी करून, उजेडात आणून पाहा. नैसर्गिक व्हिनियरची शीट एकाच ओंडक्याची, ओळीने क्रमांक असलेली घ्या आणि सगळ्या दारांना पुरतील एवढी एकदमच घ्या. नंतर आणलेली शीट जुळेलच असे नाही. कपाटाच्या दारांना सरळ रेघांचे पान शांत दिसते. डोंगरासारख्या कमानी असलेले पान पलंगाच्या पाठीला शोभते. ओल्या फडक्याने नमुन्याचा कोपरा हलकेच पुसा. पॉलिश केल्यावर रंग कसा खुलेल, याचा अंदाज येतो.

शीटचा दर ऐकून लगेच खूश होऊ नका. लॅमिनेट लावले की काम संपते. व्हिनियरला घासणे, पॉलिश आणि त्याची मजुरी वेगळी असते. दोन्हींचा हिशेब शेवटच्या हातापर्यंत करूनच तुलना करा.

मेस्त्रीला काय सांगावे?

एक, दाराच्या पुढच्या बाजूला व्हिनियर लावले तर मागची बाजूही झाकायला सांगा. एकच बाजू झाकली की दार वाकते. दोन, कडांना लाकडाची पट्टी लावून घ्या. पाणी आणि धक्का दोन्ही आधी कडेलाच लागतात. तीन, घासताना यंत्र बेताने. अर्ध्या मिलिमीटरचे पान एकदा घासून गेले की खालचे प्लाय डोकावते आणि ते पुन्हा भरून येत नाही. चार, पॉलिशपूर्वी बोटाने टकटक करून पाहा. जिथे पोकळ आवाज येईल तिथे चिकटवण बसलेली नाही. ते तेव्हाच दुरुस्त होते.

आणि स्वयंपाकघरातील सिंकखालचे कपाट? तिथे व्हिनियरचा हट्ट नको. लॅमिनेट बरे. प्रत्येक वस्तूची एक जागा असते.

रोजची निगा

ओले फडके नको, कोरडे मऊ फडके पुरे. गरम भांड्याखाली जाळी, थंड पेल्याखाली बशी. कपाट ओल्या भिंतीला टेकवू नका, चार बोटे जागा सोडा. उन्हाने लाकडाचा रंग बदलतो, म्हणून टेबलावरची फ्रेम, फुलदाणी मधूनमधून हलवा, नाहीतर खाली डाग राहतो. फेव्हिकॉलने चिकटवलेल्या पानाला छोटा फुगा आला तर त्यावर सुती कापड ठेवून कोमट इस्त्री फिरवा आणि गार होईपर्यंत वजन ठेवा. बहुतेक वेळा पान बसते. मोठा फुगा असेल तर मेस्त्रीलाच बोलवा.

राहता राहिला ज्येष्ठांचा प्रश्न. घरात आजोबांचे सागवानी कपाट असेल तर ते मोडीत काढू नका. पॉलिश करून मानाने ठेवा. नव्या कपाटाला मात्र जुन्याचे माप लावू नका. त्याचे वरचे पान खरे आहे, पोट भक्कम आहे आणि बिलावर क्रमांक आहे, एवढे पाहिले असेल तर ज्याला 'खोटे लाकूड' म्हणून नाक मुरडले, त्याच कपाटात नातसुनेच्या साड्याही राहतील!