इतर हक्कातली ती ओळ

पावसच्या कलमांना पंप बसवायचा म्हणून बाबांनी कर्जाचा अर्ज केला, तेव्हा सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यातली ती ओळ आम्हाला दिसली. एका पतसंस्थेचा बोजा, तोही सगळ्या गटावर! बाबा त्या संस्थेची पायरीही कधी चढले नव्हते.

कर्ज चुलतकाकांचं होतं. आमचा सातबारा सामाईक, निम्मी नावं मुंबईत. पण सहहिस्सेदाराला गहाण ठेवता येतो तो स्वतःचा हिस्सा, भावाचा नव्हे. घरात काकांशी बोलणं तुटायची वेळ आली. मी आधी फेरफाराचा नंबर शोधला, त्याची आणि गहाणखताची नक्कल काढली. गहाणखतात ‘माझ्या हिश्श्यापुरते’ असं स्वच्छ लिहिलं होतं. फेरफारात नेमकं तेच गळलं होतं. काकांचा काही दोष नव्हता.

असं होऊ नये म्हणूनच महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये कलम १५० आहे. फेरफार चावडीवर लावायचा, हितसंबंध असलेल्यांना लेखी कळवायचं, हरकतीला १५ दिवस द्यायचे. हरकत आली, की ती विवादग्रस्त नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते. आपल्याकडे नोटीस सही करून फळीवर पडते, याचं मला फार वाईट वाटतं. कारण प्रमाणित झालेली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, कलम १५७ प्रमाणे खरीच धरली जाते.

आमची चूक लेखनाची, म्हणून कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज केला. नोंदीचा निर्णयच मान्य नसेल, तर प्रांतांकडे ६० दिवसांत अपील. उशीर झाल्यास सबळ कारण द्यावं लागतं.

फिटलेल्या कर्जाचा बोजाही आपोआप उतरत नाही. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ रोजी नियम केला: कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत कागद परत द्यायचे, बोजा उतरवायचा, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. १ डिसेंबर २०२३ पासून तो लागू आहे. पतसंस्था मात्र त्यात येत नाहीत. तिथे तक्रार सहकार निबंधकांकडे. कर्जफेडीचा दाखला हाती आला, की ई-हक्क प्रणालीवर बोजा कमी करण्याचा अर्ज करता येतो.

सुनावणीला काका रात्रीच्या गाडीने परळहून आले, बाबांच्या शेजारी बसले आणि जबाब देऊन गेले. सातबाऱ्यावर आता काकांच्या नावापुढे ‘हिश्श्यापुरता’ हा शब्द आला आहे.