विश्लेषण : लोकलमध्ये मावेल असा स्वस्त फिशिंग रॉड कसा निवडावा? कार्बनच्या रॉडबाबत सावधगिरी का हवी?

डोंबिवलीचे मोठागाव रेतीबंदर असो की कल्याणचा दुर्गाडीलगतचा खाडीकिनारा, गळ टाकायला जाणाऱ्या अनेकांचा प्रवास लोकलनेच होतो. त्यामुळे रॉड घेताना पहिला प्रश्न किमतीचा नव्हे, तर मिटल्यावरच्या लांबीचा असतो.

टेलिस्कोपिक की जोडाचा?

सात फुटांचा दोन तुकड्यांचा रॉड सुटा केला तरी साडेतीन फूट उरतो. गर्दीत तो सांभाळणे अवघड. एकात एक सरकणारा टेलिस्कोपिक रॉड साधारण दीड-दोन फुटांत मिटतो आणि पाठीवरच्या सॅकमध्ये बसतो. मात्र त्याचे टोक नाजूक असते आणि वाळू गेल्यास जोड अडकतात. उघडताना टोकाकडून, मिटताना मुठीकडून सुरुवात करावी. झटका देऊ नये. चार तुकड्यांचा ट्रॅव्हल रॉड हाताला चांगला, पण सहसा महाग.

फायबरग्लास की कार्बन?

कार्बनचा रॉड हलका असतो आणि माशाची हालचाल हाताला लवकर कळते. पण कार्बन वीजवाहक आहे. उपनगरी रेल्वेच्या ओव्हरहेड वायरमध्ये २५ हजार व्होल्टचा दाब असतो. तारेला स्पर्श न होताही, नुसते जवळ गेल्यास धक्का बसू शकतो. त्यामुळे फलाटावर, रेल्वे पुलाजवळ किंवा वीजतारांखाली कोणताही रॉड उघडू नये. ओला फायबरग्लासही सुरक्षित नाही. ढगांचा गडगडाट सुरू होताच रॉड खाली ठेवून सुरक्षित इमारतीत जावे.

नवशिक्यांसाठी फायबरग्लासच योग्य. तो थोडा जड, पण स्वस्त आणि आपटाआपट सहन करणारा असतो.

दुकानात काय तपासाल?

रॉड पूर्ण उघडून पाहा. तंगूस ज्यातून जातो त्या कड्यांच्या आतून कापूस फिरवा. तो अडकला तर तिथे तंगूस तुटेल. रीलची मूठ फिरवताना खरखर नको. खाडीचे पाणी खारे असल्याने घरी आल्यावर रॉड आणि रील गोड्या पाण्याने पुसून, सुकवूनच मिटावे.

गळ कुठेही टाकता येतो का?

नाही. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. तेथे वनविभागाचे नियम लागू होतात. शहरांतील तलावांवरही परवानगीची आधी चौकशी करावी. तुटलेला तंगूस किनाऱ्यावर टाकू नये. त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात.