करुण गीतांचे सामर्थ्य

मनुष्याला सुख हवेसे वाटते आणि दुःख नकोसे वाटते. दुःखाची नुसती चाहूल लागली, तरी ते टाळण्याची तो खटपट करतो. असे असूनही एक विलक्षण गोष्ट नेहमी घडताना दिसते. एखादे करुण गीत कानांवर पडते. ऐकणाऱ्याचा कंठ दाटून येतो, डोळे पाणावतात. तरी तो उठून जात नाही. उलट, गीत संपताच ‘पुन्हा एकदा म्हणा’ अशी गळ घालतो! जे दुःख उंबरठ्याशी आले असता मनुष्य दार लावून घेतो, तेच सुरांच्या सोबतीने आले म्हणजे त्याला पाट मांडून बसवतो. असे का व्हावे? दुःखाच्या गाण्यात असे कोणते सामर्थ्य असते?

हा प्रश्न फार जुना आहे आणि त्याचा धागा आदिकवी वाल्मीकींपर्यंत जाऊन पोचतो. तमसा नदीच्या तीरावर ते स्नानासाठी गेले होते. तेथे क्रौंच पक्ष्यांची एक जोडी आनंदाने विहार करीत होती. इतक्यात एका पारध्याने बाण मारून त्यांतील नराला खाली पाडले. रक्ताने माखलेल्या जोडीदाराला पाहून मादीने आक्रोश मांडला. तो ऐकून ऋषींचे अंतःकरण कळवळले आणि त्यांच्या मुखातून नकळत एक उद्गार बाहेर पडला. तो उद्गार छंदात बांधलेला होता. त्यांचा शोकच श्लोक झाला, असे रामायणात सांगितले आहे. या कथेत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. वाल्मीकींचे स्वतःचे काहीच गेले नव्हते. दुःख होते एका पाखराचे आणि तळमळले एका ऋषीचे मन! दुसऱ्याचे दुःख आपलेसे होणे, हेच करुण गीताचे मूळ होय.

पुढे शास्त्रकारांनी या गोष्टीचा बारकाईने विचार केला. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले आहेत. त्यांपैकी एक करुण रस. शोक हा त्याचा स्थायीभाव. मन भावनेने भरून आले, की शरीरावर ज्या खुणा उमटतात, त्यांनाही भरतांनी सात्त्विक भाव असे नाव दिले. अंगावर काटा उभा राहणे, आवाज कापरा होणे, डोळ्यांतून अश्रू येणे या त्यांतल्याच खुणा. करुण रसासाठी गांधार आणि निषाद या स्वरांचा उपयोग करावा, असेही त्यांनी सांगून ठेवले आहे.

मात्र ‘करुण रसात शोक असतो, तर त्यापासून आनंद कसा मिळतो?’ ही शंका उरतेच. चौदाव्या शतकात विश्वनाथ नावाच्या पंडिताने ‘साहित्यदर्पण’ या ग्रंथात तिचे मोठे मार्मिक उत्तर दिले. करुण रस केवळ दुःखच देत असता, तर त्याच्याकडे कोणी फिरकलेच नसते आणि रामायणासारखे काव्यही लोकांना नकोसे झाले असते. ज्या अर्थी रसिक त्याकडे पुन्हा पुन्हा वळतात, त्या अर्थी त्यात आनंद आहेच. मग डोळ्यांत पाणी का येते? तर चित्त द्रवते म्हणून! मराठी भाषेनेही हीच कल्पना किती सहजपणे सांगितली आहे! आपण म्हणतो, मन द्रवले, काळीज विरघळले, पाषाणाला पाझर फुटला. थंडीच्या दिवसांत तूप थिजून घट्ट होते. ते चुलीजवळ ठेवले, की हळूहळू पातळ होऊ लागते. रोजच्या धावपळीत, हेवेदाव्यांत माणसाचे मन असेच थिजून जाते. करुण गीताची ऊब लागली, की ते पुन्हा वाहू लागते.

ही किमया स्वर कशी करतात, हे पाहण्यासारखे आहे. दुःखी मनुष्य कसा बोलतो, ते आठवून पाहावे. त्याचा आवाज खालच्या पट्टीत उतरतो, शब्द सावकाश येतात, मधूनच तो थांबतो, एखादा निःश्वास टाकतो. करुण गीताची चालही बहुधा अशीच असते. तिची लय संथ असते. एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर उडी न मारता गायक मींड घेऊन हळुवारपणे उतरतो. कोमल स्वरांचा आधार घेतो आणि दोन ओळींच्या मध्ये शांततेलाही जागा ठेवतो. त्यामुळे शब्द कळण्यापूर्वीच ऐकणाऱ्याला जाणवते, की येथे कोणीतरी व्याकूळ झाले आहे. भाषा न समजणारा परदेशी श्रोताही अशा गाण्याने गंभीर होतो, याचे कारण हेच.

शरीराचेही यात काम असते. प्रत्येक डोळ्याच्या वरच्या बाजूस, बाहेरच्या कोपऱ्याजवळ एक अश्रुग्रंथी असते. डोळा ओला व स्वच्छ ठेवणे हे तिचे नेहमीचे काम. धूर गेला किंवा कांदा चिरला, की ती अधिक पाणी सोडते. परंतु मन भरून आले असतानाही मेंदूकडून तिला संदेश जातो आणि अश्रू वाहू लागतात. भावनेने येणारे हे अश्रू माणसाचेच खास लक्षण मानले जातात.

तरीही सारे सामर्थ्य एकट्या सुरांचे नव्हे. लग्नघरी सकाळी सनई वाजते, तेव्हा ती मंगल वाटते. तीच सनई मुलगी सासरी निघताना वाजली, तर आईचे डोळे भरून येतात. वाद्य तेच, वाजवणाराही तोच. पण ऐकणाऱ्याच्या मनात त्या वेळी आठवणींची गर्दी झालेली असते. सूर बाहेरून येतात आणि आठवणी आतून येतात. त्या दोहोंची गाठ पडली, म्हणजे अश्रू उभे राहतात.

महाराष्ट्रातील जात्यावरच्या ओव्या हे याचे सुंदर उदाहरण आहे. गावोगावी पिठाच्या गिरण्या येण्यापूर्वी पहाटेच्या अंधारात घरोघर जात्याची घरघर सुरू होत असे. स्त्रिया जात्याच्या खुंट्याला हात लावून बसत, मुठीमुठीने वैरण घालीत आणि त्या फिरण्याच्या लयीत ओव्या गात. दिवसभर सासुरवाशिणीला मनातले बोलण्याची सोय नसे. कष्ट, माहेरची ओढ, दुरावलेली आई हे सारे ती जात्यापाशी सांगे. पुष्कळ ओव्यांतून सीतेचा वनवास आलेला आहे. सीतेचे दुःख गाता गाता ती आपलेच दुःख गाऊन घेई. आणि एवढ्या मोठ्या राजाच्या राणीलाही दुःख चुकले नाही, या विचाराने तिला धीर येई. साने गुरुजींनी अशा ओव्या मोठ्या प्रेमाने गोळा केल्या. पुढे हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या टिपून ठेवल्या. ज्यांना अक्षरओळख नव्हती, अशा हजारो स्त्रियांचे अंतःकरण त्यांत जतन झाले आहे.

जात्यावरची ओवी एका घरातले दुःख हलके करीत असे. एखादे गीत मात्र साऱ्या देशाचे दुःख आपल्या ओंजळीत घेते. १९६२ च्या ऑक्टोबर महिन्याच्या २० तारखेस चीनच्या सैन्याने भारताच्या उत्तर सीमेवर मोठा हल्ला चढवला. हिमालयाच्या कडाक्याच्या थंडीत, अपुऱ्या साधनांनिशी आपले जवान महिनाभर झुंजले. लडाखमधील रेझांग ला या खिंडीत १८ नोव्हेंबर रोजी मेजर शैतानसिंग आणि त्यांच्या तुकडीतील शंभराहून अधिक जवान अखेरपर्यंत लढून धारातीर्थी पडले. युद्ध थांबले, तेव्हा देशाच्या पदरी पराभव आला होता. कित्येक घरांतील कर्ता पुरुष परत आला नव्हता. लोकांच्या मनात दुःख होते, शरम होती. पण ती बोलून दाखवायला शब्द सापडत नव्हते.

ते शब्द कवी प्रदीप यांनी दिले. ‘ऐ मेरे वतन के लोगों’ हे हिंदी गीत त्यांनी लिहिले. त्याला चाल लावली सी. रामचंद्र यांनी. त्यांचे पूर्ण नाव रामचंद्र नरहर चितळकर; ते आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे. दिनांक २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये लता मंगेशकर यांनी ते गीत गायिले. राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन आणि पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू समोर बसले होते. गीताचा प्रारंभ अगदी हलक्या आवाजात, तालाशिवाय होतो. त्यात विजयाची बढाई नाही की शत्रूला दिलेल्या शिव्या नाहीत. जे घरी परतले नाहीत, त्यांची आठवण ठेवा, एवढेच ते मागते. ते ऐकता ऐकता त्र्याहत्तर वर्षांच्या पंतप्रधानांचे डोळे पाण्याने भरले. हजारो लोकांच्या देखत एका राष्ट्राच्या नेत्याला अश्रू आवरले नाहीत आणि त्यात कोणाला उणेपणा वाटला नाही. कारण ते अश्रू त्यांच्या एकट्याचे नव्हते.

हे गीत एवढे परिणामकारक का झाले? एक कारण म्हणजे त्यातील संयम. गाणाराच हुंदके देऊ लागला, तर स्वर फाटतो आणि गाणे बिघडते. गायिकेने दुःख स्वरांच्या काठांत नीट धरून ठेवले. म्हणून ते श्रोत्यांच्या मनात उतरले. दुसरे कारण असे, की हे गीत माणसाला दुःखाच्या डोहात सोडून देत नाही. अखेरीस ते जयघोषात मिळून जाते आणि खचलेली मान पुन्हा वर होते. कवी प्रदीप यांनी या गीताचे आपले उत्पन्न युद्धात पती गमावलेल्या स्त्रियांच्या साहाय्यासाठी अर्पण केले. अश्रूंची अशी मदत झाली, याहून त्यांचे दुसरे सार्थक ते कोणते?

सुख वाटल्याने वाढते आणि दुःख वाटल्याने कमी होते, असे आपल्याकडे म्हणतात. करुण गीत हे दुःख वाटून घेण्याचे साधन आहे. रडणे हा दुबळेपणा आहे, अशा समजुतीने पुष्कळ मुले डोळ्यांतले पाणी घाईघाईने पुसून टाकतात. गाणे ऐकून ज्याचे डोळे ओलावतात, त्याला त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. त्या क्षणी तो कधी न पाहिलेल्या जवानाचा भाऊ झालेला असतो, कुठल्याशा सासुरवाशिणीचा पाठीराखा झालेला असतो. मात्र डोळे पुसून झाल्यावर शेजारचे दुःख दिसले पाहिजे आणि तेथे हात पुढे झाला पाहिजे. क्रौंच पक्षिणीचा आक्रोश ऐकून वाल्मीकी कळवळले, तेव्हा त्यांनी पारध्याला जाब विचारला होता, हे विसरून चालणार नाही.