ईस्टरची नोंद नाही, म्हणजे ईस्टर नव्हताच?

समजा, नागपूर-भंडाऱ्याकडच्या एखाद्या जुन्या प्रेस्बिटेरियन मंडळीची नोंदवही तुमच्या हाती आली आणि तिच्यात ईस्टरचा उल्लेखच नाही. लगेच 'मंडळी थंडावली होती' असं लिहून मोकळे होऊ नका.

नागपुरात स्कॉटिश मिशनचं काम सुरू केलं स्टीफन हिस्लॉप यांनी, १८४५ मध्ये. आणि स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियनांना सणवारांचं वावडं! १५६० च्या त्यांच्या शिस्तीच्या ग्रंथात प्रभुभोजन मुद्दाम मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सुचवलंय, ईस्टरचं स्तोम नको म्हणून.

आता गंमत बघा. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यातच येतो, म्हणजे मार्चचा पहिला रविवार कधीच ईस्टर नसतो. तेव्हा वहीतल्या प्रभुभोजनाच्या तारखा काढा आणि त्या त्या वर्षीच्या ईस्टरशी ताडून पाहा. तारीख ज्या वर्षी सरकली, तिथे तुमचा प्रश्न सुरू होतो.

२९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, अँग्लिकनही त्यात आले. बदलाचं सगळं श्रेय त्यालाच द्यायचा मोह होतो, मलाही झाला. पण पहाटेची उपासना, उत्तम शुक्रवारची सात वचनं, नंतरचा चहा, आजाऱ्याच्या घरी जाणं, हे कार्यवृत्तात फारसं उतरत नाही. त्यासाठी वडशाहून गोंदियाची गाडी धरायची आणि मंडळीतल्या आजींना विचारायचं, '१९७० च्या आधी पहाटे कोण कोण यायचं, आजी?'