तीन मिलिमीटरचा खर्ज

सहा तारांची बास गिटार कधी हातात आली, तर तिची सगळ्यात जाड तार छेडा आणि पहिल्यांदा ऐकू नका, नुसतं बघा. बारीक तारा छेडल्या की धूसर होतात, एवढंच. ही मात्र डोळ्यांदेखत डुलते. मधोमध फुगलेली, दोन्ही टोकांना निमुळती, केळीच्या कोवळ्या पानासारखी. सेकंदाला तिची जेमतेम ३१ कंपनं होतात. २० च्या खाली गेलं की माणसाच्या कानाला सूर असा ऐकूच येत नाही, म्हणजे ही तार आपल्या ऐकण्याच्या अगदी तळाला टेकून वाजत असते. तिच्या सुराची हवेतली एक लाट ११ मीटर लांब. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत ती अख्खी मावत नाही; तिला एसटीची गाडी उभी राहील एवढी जागा लागते.

एवढा मोठा खर्ज आज बऱ्यापैकी स्मार्टफोनच्या किमतीत घरी आणता येतो. पन्नास वर्षांपूर्वी मात्र तो कुठल्याही दुकानात टांगलेला नव्हता. एका वादकाला तो हट्ट धरून बनवून घ्यावा लागला.

मुळात बास गिटारला चार तारा का? लिओ फेंडरने १९५१ साली कॅलिफोर्नियात प्रिसिजन बास बाजारात आणली, तेव्हा त्याच्यासमोर नमुना होता माणसाहून उंच अशा डबल बासचा. त्याला चार तारा, म्हणून हिला चार: ई, ए, डी, जी. न्यूयॉर्कच्या अँथनी जॅक्सन या बासवादकाला हा हिशेब पटेना. वाद्याचं नाव गिटार, घराणं गिटारचं, मग तारा मोजायच्या दुसऱ्याच घरच्या कशा? गिटारला सहा, तर हिलाही सहाच हव्यात. त्याच्या सांगण्यावरून कार्ल थॉम्पसन या कारागिराने १९७५ साली तशी बास घडवली. जॅक्सन तिला काँट्राबास गिटार म्हणायचा. सहा तारांच्या बास त्याआधीही होत्या; डॅनइलेक्ट्रोने १९५६ मध्ये आणि फेंडरने १९६१ मध्ये त्या काढल्या होत्या. पण त्या म्हणजे साधी गिटारच एक सप्तक खाली उतरवलेली. जॅक्सनने नेहमीच्या चार तारा जागच्या जागी ठेवल्या आणि खाली एक बी, वर एक सी जोडली. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक तार तिच्या खालच्या तारेच्या मध्यमात मिळवलेली: खालची सा धरली, तर वरची तिचा म.

कागदावर हे सोपं दिसतं. लाकडावर आणताना आडवं येतं ते पदार्थविज्ञान.

मेरँ मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६३६ साली छापलेल्या ग्रंथात तारेचे नियम मांडून ठेवले आहेत. तारेचा सूर तीनच गोष्टींवर ठरतो: लांबी, ताण आणि वजन. लांबी दुप्पट केली की सूर एक सप्तक खाली येतो. लांबी आणि ताण तोच ठेवून सप्तक उतरायचं, तर तारेचं वजन चौपट करावं लागतं. आता आपल्या बासचा हिशेब करू. सगळ्यात खालची बी ३१ कंपनांची, सगळ्यात वरची सी १३१ कंपनांची. म्हणजे सव्वाचार पट. सव्वाचारचा वर्ग होतो अठरा. एकाच लांबीच्या, एकाच ताणाच्या या दोन तारा शेजारी नांदायच्या, तर खालची वरचीपेक्षा अठरा पट जड हवी! नेहमीच्या संचात सी तार ०.८ मिलिमीटर जाड असते, बी तार ३.३ मिलिमीटर. एवढी जाड अखंड तार घेतली तर ती तार राहणार नाही, सळई होईल. वाकायलाच तयार होणार नाही. म्हणून आत पोलादाचा बारीक गाभा आणि त्यावर तारेचीच वेटोळी गुंडाळलेली. वेटोळी वजन देतात, पण तारेला ताठर होऊ देत नाहीत. बी तारेवरून नख ओढलं की जी खरखर येते, ती या वेटोळ्यांची.

सहाही तारा सुरात आल्या की त्यांची एकत्र ओढ शंभर किलोच्या वर जाते. सिमेंटची दोन पोती जिच्यावर लटकताहेत, ती नेक म्हणजे दोन-अडीच सेंटिमीटर जाडीची लाकडाची पट्टी. आता स्वस्त बास घेताना पैसे कशाचे मोजायचे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. नेकचे. तारेचं कंपन विजेत उतरवणारे पिकअप पुढेमागे बदलता येतात, खुंट्या बदलता येतात, रंग उडाला तरी सूर उडत नाही. पिळवटलेली नेक मात्र स्वस्तात सरळ करून मिळत नाही.

दुकानात गेल्यावर बास बंदुकीसारखी डोळ्यासमोर धरा आणि तारा खाली जिथे टेकतात त्या ब्रिजच्या बाजूने नेकच्या दोन्ही कडा बघा. दोन्ही कडांना सारखाच किंचित बाक असेल तर हरकत नाही. एक कड एकीकडे आणि दुसरी दुसरीकडे जात असेल, तर किंमत कितीही उतरू द्या, परत ठेवा. नेकच्या कडेवरून तळवा फिरवा. नेकवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांची, म्हणजे फ्रेटची, टोकं बोचायला नकोत. मग बी तार पाचव्या फ्रेटवर दाबून वाजवा आणि लगेच शेजारची ई मोकळी वाजवा. दोन्ही एकच सूर. दोघींचा आवाज सख्ख्या बहिणींसारखा वाटला पाहिजे. बी जर ओल्या दोरीसारखी ढप वाजली, तर आधी तारा जुन्या आहेत का ते विचारा. नव्या तारांवरही तसंच असेल तर दुसरी बास बघा.

लांबीकडेही लक्ष द्या. नेकच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून, म्हणजे नटपासून, ब्रिजपर्यंत ३४ इंच, म्हणजे ८६४ मिलिमीटर, ही फेंडरपासून चालत आलेली लांबी. काही बास ३५ इंची असतात. एका इंचाने काय होणार असं वाटेल, पण ताण लांबीच्या वर्गाने वाढतो. त्याच तारेला, त्याच सुरात, सहा टक्के जास्त ताण मिळतो आणि बी आवरून बोलायला लागते. ग्रँड पियानोच्या आत डोकावून पाहिलंत तर खर्जाच्या तारा लांब आणि वरच्या आखूड दिसतील. तोच न्याय लावून काही बासवर फ्रेट पंख्यासारखे तिरपे बसवतात आणि प्रत्येक तारेला तिची वेगळी लांबी देतात.

मग तुमचा हात. चार तारांच्या जाझ बासची नेक नटजवळ ३८ मिलिमीटर रुंद. इबानेझच्या परवडणाऱ्या सहा तारांच्या बासवर ती ५४ च्या आसपास असते, आणि ब्रिजजवळ दोन तारांमधलं अंतर मात्र १९ वरून साडेसोळावर आलेलं. डाव्या हाताला मैदान मोठं, उजव्याला गल्ली अरुंद. म्हणून पट्टा गळ्यात अडकवून, उभं राहून दहा मिनिटं वाजवून बघा. हात सोडला की नेक जमिनीकडे झुकत असेल, तर ते ओझं रोज तुमच्या डाव्या मनगटावर येणार. लाकूड कोणतं, त्यावरची नक्षी कशी, यावर दुकानदार बरंच बोलेल. ऐकून घ्या.

माझी पहिली सहा तारांची बास जुनी, कुणाच्या तरी कपाटामागे दोन पावसाळे काढलेली. आणली त्या रात्री बी तार नुसती खडखडत होती, आणि सी वर बोट दाबायला सुताराचा अंगठा हवा होता. फसलो असं वाटलं. तिला वाजती करायला नंतर लागल्या दोन ॲलन की, एक स्क्रू ड्रायव्हर, एक ट्यूनर आणि एक रविवार.

पहिलं काम नव्या तारा. जाड तार कापायच्या आधी तिला काटकोनात मोडा आणि मोडाच्या पुढे कापा, म्हणजे वेटोळी सैल होत नाहीत. सुरात आणल्यावर ब्रिजच्या सॅडलपाशी, म्हणजे तार ज्या तुकड्यावर टेकते तिथे, ती बोटाने हलकेच खाली दाबा. तीन मिलिमीटरची तार आपणहून वळत नाही. ती कमान करून सॅडलवर चढते आणि त्या कमानीत सूर डळमळतो.

दुसरं काम नेकच्या पोटात. तिथे एक पोलादी कांब असते, ट्रस रॉड. तारा नेकला पुढे ओढतात, ही कांब मागे खेचते. शंभर किलो विरुद्ध एक कांब! तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे अंगाला मिळते तिथे, अशी दोन्हीकडे दाबून धरा. आता ती तारच तुमची फूटपट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटवर तिच्याखाली व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी, पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर, फट दिसली पाहिजे. फट का ठेवायची, याचं उत्तर त्या केळीच्या पानात आहे. डुलणारी तार मधोमध फुगते. तिच्या पोटाला जागा द्यायला नेकनेही किंचित पोट आत घ्यायचं. फट जास्त असेल तर रॉड घट्ट करायचा, कमी असेल तर सैल. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, आणि मग चहा प्यायला जायचं. लाकडाला हलायला वेळ लागतो. मुंबई-कोकणातल्यांनी हे जून आणि नोव्हेंबरात पुन्हा बघावं; दमट हवेत लाकूड ओलावा पितं आणि कोरड्या हवेत सोडतं, की नेक हललीच.

तिसरं, तारांची उंची. बाराव्या फ्रेटवर सी तार दोन मिलिमीटर आणि बी अडीच, इथून सुरुवात करा. सॅडलचे इवलेसे स्क्रू अर्धा फेरा फिरवले की खडखड बंद होते, अर्धा उलटा फिरवला की परत येते. तेव्हा मला तंबोऱ्याची आठवण झाली. मिरजेचा कारागीर जवारी काढतो म्हणजे तारेने घोडीला नेमकं किती आणि कसं खेटायचं ते ठरवतो, आणि त्या खेटण्यातूनच तंबोरा झंकारतो. मीही तेच मोजमाप करत होतो, फक्त उलट्या बाजूने: तारेने कशालाही न खेटता जितकं जवळून जाता येईल तितकं जावं म्हणून. तंबोऱ्याचं जे वैभव, ती बासची खोड.

चौथं काम सगळ्यात गमतीचं. बारावा फ्रेट बरोब्बर तारेच्या अर्ध्यावर असतो, तिथे दाबलं की वरचं सप्तक यायला हवं. पण येतं ते जरा चढं. कारण दाबताना तार ताणली जाते, आणि जाड तार ताठर असल्याने टोकांशी पुरती वाकत नाही, म्हणजे वाजणारी लांबी दिसते त्याहून कमी पडते. म्हणून सॅडल मागे सरकवून तिला थोडी जास्त लांबी द्यायची. बाराव्या फ्रेटवरचा सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरला असेल तर पुढे, दर वेळी मोकळी तार पुन्हा मिळवून. सहाही तारा जमल्या की ब्रिजकडे वरून बघा. सॅडल एका रेषेत राहिलेले नाहीत. बीचा बराच मागे, सीचा पुढे, अशी उतरंड लागलेली दिसते. मेर्सेनच्या नियमांत सूर बसवताना तारेच्या जाडीने जी कुरकुर केली, तिचाच हा आलेख.

शेवटी पिकअप. आत लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या, केसाएवढ्या बारीक तारेचे हजारो वेढे. तार चुंबकासमोर हलली की वेढ्यांत वीज उमटते. फॅरडेने १८३१ साली दाखवलेली तीच किमया. आवाज वाढवायला पिकअप तारेच्या फार जवळ नेला, तर चुंबक तारेलाच धरू लागतो आणि सूर भेसूर होतो. बीच्या बाजूला तो जरा खालीच बरा. बास नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी असेल, तर वाजवून झाल्यावर केबल काढा. ती खोचलेली असेपर्यंत बॅटरी झिजत राहते.

वाजवायला बसलात की एक नवा पाहुणा भेटेल. वरच्या तारेवर सूर घेतला की न छेडलेली बी आपोआप गुणगुणू लागते. सतारीत अशा गुणगुणण्यासाठी मुद्दाम तरफेच्या तारा लावतात. इथे ती गुणगुण नको असते, म्हणून उजवा अंगठा बीवर विसावून ठेवायची सवय लावून घ्यावी लागते.

त्या रविवारी संध्याकाळी बी पहिल्यांदा नीट बोलली. मी ती मोबाइलवर रेकॉर्ड केली आणि आईला पाठवली. नंतर लक्षात आलं की मोबाइलचा नखाएवढा स्पीकर ३१ कंपनांचा सूर काढूच शकत नाही. तारेचे पटीतले वरचे स्वर, कितीतरी वरचे, तेवढेच काय ते त्यातून बाहेर पडतात. पण त्यांच्यातलं अंतर दर वेळी ३१ चंच असतं. मेंदू ते अंतर ओळखतो आणि जो सूर कानात शिरलेलाच नाही, तो स्वतः भरून घेतो.

आईचा फोन आला. "काय रे ते, केवढं खालचं वाजतंय," ती म्हणाली.