काकांचा प्रश्न: अमेरिकेत हरणाची शिकार चालते, मग आपल्याकडं का नाही?

इअरफोन घरी विसरला असाल, किंवा एसटीत बसून ऐकणं जमत नसेल, तर हा एपिसोड वाचून काढा. बोललोय तसाच लिहिलाय. माझे 'अं... म्हणजे' तेवढे कापलेत.

विषय निघाला आमच्या फॅमिली ग्रुपवर. माझा आतेभाऊ डेन्व्हरला असतो, माझ्यासारखाच कोड लिहून पोट भरतो. गेल्या सप्टेंबरमध्ये त्याच्या ऑफिसातला एक मित्र कुटुंब घेऊन शेजारच्या वायोमिंग राज्यात शिकारीला निघाला होता. नवरा-बायको, चौदा वर्षांची मुलगी आणि पैसे देऊन ठरवलेला गाइड. आतेभाऊ त्यांच्याबरोबर गेला. बंदुकीला हात लावला नाही म्हणतो, दुर्बीण सांभाळली फक्त. पण फोटो टाकले ग्रुपवर. मैलोन्मैल उघडं, करडं रान आणि पुढ्यात पडलेलं एक हरणासारखं जनावर.

आत्यानं रडका इमोजी टाकला. माझ्या आईनं लगेच गणपतीचा फोटो टाकून विषय बदलायचा प्रयत्न केला. आणि काका, जे 'शुभ सकाळ'पलीकडं कधी काही पाठवत नाहीत, त्यांची व्हॉइस नोट आली: "तिथं सरकार लायसन देऊन हरणं मारू देतंय. हितं आमचा हरभरा खायलेत, तरी दगूड उचलायची चोरी. असं का रं? तुम्ही शिकलेली पोरं, सांगा की."

कुणीच उत्तर दिलं नाही. मीही नाही. आमचं शेत तुळजापूर तालुक्यात, कोरडवाहू, एका अंगाला माळ. काळविटांचा कळप येतो हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण पुण्यात बसून ते मला 'क्यूट' वाटायचं. काकांना ते एका रात्रीत अर्धा एकर कोवळा हरभरा वाटतं. म्हणून मग जरा वाचलं, आतेभावाला प्रश्न विचारून हैराण केलं, आणि डिसेंबरात तो भारतात आला तेव्हा सगळे मिळून माळावर गेलो.

आधी ते अमेरिकेतलं जनावर. त्याचं नाव प्राँगहॉर्न. तिथले लोक त्याला अँटिलोप म्हणतात, पण ते खरं अँटिलोप नाही. त्याचे जवळचे नातेवाईक म्हणजे जिराफ आणि ओकापी! शिंगाला पुढं एक फाटा असतो आणि शिंगावरचं टणक आवरण दरवर्षी गळून नवं येतं. ताशी 85 किलोमीटरच्या पुढं पळतं. आता गंमत अशी, की तिथं एवढ्या वेगानं पाठलाग करणारं आज कुणीच नाही. मग हा वेग कशासाठी? काही शास्त्रज्ञांचा तर्क असा, की हिमयुगात तिथं चित्त्यासारखं एक जनावर होतं. ते नामशेष झालं, पण त्याच्या भीतीनं कमावलेला वेग प्राँगहॉर्नच्या पायात राहिला. आम्ही इंजिनियर लोक याला लेगसी कोड म्हणतो. का आहे ते कुणाला माहीत नाही, पण काढायची हिंमत होत नाही.

आपलं काळवीट मात्र खरं अँटिलोप. शास्त्रीय नावातच अँटिलोप आहे. नर वरून काळा, पोटाखाली पांढरा, पीळ पडलेली लांब शिंगं. मादी बदामी आणि बहुतेक वेळा बिनशिंगाची. ही शिंगं गळत नाहीत. आपण सरसकट 'हरीण' म्हणतो, पण चितळ-सांबराची गोष्ट वेगळी, त्यांची फाटे फुटलेली शिंगं दरवर्षी गळतात. काळवीटही ताशी 80 किलोमीटरच्या आसपास पळतं, आणि त्याच्या मागं पळणारा चित्ताही आपल्याकडं खरोखर होता.

म्हणजे एक जनावर तिथलं, एक इथलं, नातं लांबचं, पण जगायची पद्धत एकच: उघड्यावर राहायचं, लांबचं बघायचं, आणि संशय आला की सुटायचं. झाडीत लपणं दोघांच्याही स्वभावात नाही. त्यामुळं त्यांची शिकार म्हणजे नेमबाजी कमी आणि 'दिसू न देता जवळ जाणं' जास्त. आतेभाऊ सांगत होता, गाइडनं त्यांना पहिला दिवसभर फक्त दुर्बिणीतून बघायला लावलं. दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या खळग्यातून कोपरांवर सरपटत नेलं, वारा तोंडावर घेऊन. काही जण पाणवठ्याजवळ आडोसा करून तासन् तास बसतात. एक जुनी युक्ती तर भारीच आहे. लांबून पांढरा रुमाल हलवायचा. प्राँगहॉर्न इतकं चौकस, की 'हे काय' म्हणून बघायला जवळ येतं.

डिसेंबरातल्या त्या सकाळी आम्ही सहा वाजता निघालो. छोटा हत्तीच्या मागं सतरंजी टाकून आजी, आई, आतेभाऊ, मी. पुढं काका. माळ दाखवायला शेजारच्या वस्तीवरचा एक जण आला होता, माझ्याच वयाचा, फासेपारधी समाजातला. दिवसाचे पैसे ठरवून आला होता, म्हणजे आमचा गाइडच. त्याची पहिली सूचना: "गाडीतून कुणी उतरायचं न्हाई. गाडीला भेत न्हाईत ती. उभ्या माणसाला भेतेत."

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण जुनी सगळी शिकार याच एका गोष्टीवर चालायची. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्त्यांकडून काळविटांची शिकार होत असे. चित्ते सांभाळणारे ते चित्तेवान. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी घालून त्याला गाडीतून कळपाजवळ नेत. गाडीला कळप बुजत नसे. पुरेसं जवळ गेलं की टोपी काढायची. पुढचा खेळ अर्ध्या मिनिटाचा. देशातले चित्ते कमी झाले तेव्हा संस्थानिकांनी ते आफ्रिकेतून आणले. भारतातले शेवटचे तीन चित्ते 1947 मध्ये आजच्या छत्तीसगडमधल्या कोरियाच्या महाराजांनी मारले असं मानतात, आणि 1952 मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. 2022 मध्ये नामिबियातून कुनोला आणले ते आठ चित्ते तुम्ही बातम्यांत पाहिलेच असतील.

फासेपारध्यांची रीत त्याहून बारीक. शिकवलेल्या बैलाच्या आड चालत कळपाकडं सरकायचं. कळपाला फक्त चरणारा बैल दिसतो. वाटेवर ओळीनं फास लावलेले. आवाज नाही, बारूद नाही. इंग्रजांच्या 1871 च्या कायद्यानं अशा कित्येक जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. तो शिक्का कागदावरून 1952 मध्ये निघाला, लोकांच्या डोक्यातून अजून पुरता निघालेला नाही. राजाची शिकार हा शौक आणि पारध्याची शिकार हा गुन्हा, असं हे गणित. आमचा गाइड याबद्दल फारसं बोलला नाही. एवढंच म्हणाला, "आजा कळपाकडं बघून सांगायचा, उद्या कुठं चरतील. मलाबी थोडं जमतंय."

आणि जमलंच. टिटवी ओरडली, त्यानं गाडी थांबवायला सांगितली. वाळलेल्या गवतात आधी काहीच दिसेना. मग आजीच म्हणाली, "ते काय, शिंगं." एकदा दिसलं की सगळंच दिसायला लागतं. अठरा मोजली. बहुतेक माद्या, दोन अर्धवट काळे झालेले तरणे नर, आणि बाजूला एकटाच नाक वर करून चालणारा एक काळाकुळकुळीत. नर आपली जागा राखतो, त्याच त्याच ठिकाणी लेंड्या टाकून हद्द आखतो.

इथं आमच्या अमेरिकावाल्याला राहवलं नाही. त्यानं पांढरा रुमाल काढून हलवला. कळप एका क्षणात असा उडाला, की माझ्या व्हिडिओत फक्त धूळ आलीय. गाइड काही बोलला नाही, नुसतं बघितलं. काका मात्र दहा मिनिटं हसत होते.

आता काकांच्या प्रश्नाकडं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट शेड्यूल एकमध्ये आहे, वाघाच्या रांगेत. 'शिकार' या शब्दात मारण्याबरोबर पकडणं, फास लावणं, विष घालणं आणि तसा प्रयत्न करणंही येतं. शिक्षा किमान तीन वर्षं, कमाल सात, शिवाय किमान 25,000 रुपये दंड. आणि काकांना सगळ्यात जास्त टोचलेला भाग हा: शेड्यूल दोनमधलं जनावर, उदाहरणार्थ रानडुक्कर, उभ्या पिकाला धोका ठरलं तर कायद्यात परवानगीनं मारायची वाट आहे. शेड्यूल एकला ती नाही. तिथं माणसाच्या जिवाला धोका असेल, किंवा जनावर बरं न होण्याइतकं जखमी-आजारी असेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक परवानगी देऊ शकतात. हरभरा खाल्ला हे कारण चालत नाही.

मग अमेरिकेत का चालतं? कारण तिथंही एकदा सगळं संपत आलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्राँगहॉर्न काही हजारांवर आले होते. आधी शिकार बंद केली, मग मोजून, हिशेबानं उघडली. आज प्रत्येक भागात किती मारायचे हे राज्याचा वन्यजीव विभाग ठरवतो, बाहेरून येणाऱ्यांसाठी लॉटरी लागते, मांस वाया घालवणं गुन्हा आहे. लायसनचे पैसे, आणि 1937 च्या कायद्यानुसार बंदुका-काडतुसांवरचा कर, वन्यजीवांच्या कामाला जातो. सिस्टीम म्हणून बघितलं तर चांगली डिझाइन केलेली आहे, हे मी मान्य करतो.

पण ती सिस्टीम ज्या सर्व्हरवर चालते तो आपल्याकडं नाही. वायोमिंग क्षेत्रफळानं महाराष्ट्रापेक्षा थोडंच लहान आहे, आणि लोकसंख्या सहा लाखांच्या आत. एकट्या धाराशिव जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत साडेसोळा लाख होती. तिथं मोकळ्या रानात गोळी हुकली तर मातीत जाते. आमच्या माळावर हुकली तर मेंढक्याला लागेल. आणि आपले कळप सलग नाहीत, इथं वीस, तिथं तीस, मध्ये रस्ते, ऊस, तारा. अशा वीसच्या कळपातला मोठा काळा नर मारला तर त्याची जागा घ्यायला दुसरा येईलच, याची खात्री कोण देणार? शिवाय, माझं वैयक्तिक मत, परवाना निघाला तर तो काकांना मिळणार नाही. ज्याच्याकडं फॉर्च्युनर आहे त्याला मिळेल.

खरी गडबड माळातच आहे. सरकारी नकाशात गवताळ माळ बहुतेक 'पडीक जमीन' म्हणून नोंदलेला असतो. पडीक म्हटलं की तिथं काहीही करायला मोकळीक: झाडं लावा, सोलर लावा, पवनचक्क्या उभारा, नांगरा. झाडं लावणं सगळ्यांना पुण्याचं वाटतं, पण काळविटाला जंगल नकोय, त्याला लांबचं दिसायला हवंय. माळ आक्रसला, की पुढचं उघडं रान म्हणजे काकांचं शेत. प्राँगहॉर्नचीही अडचण अशीच आहे. ते उडी मारायच्या ऐवजी तारेखालून सरपटतं, म्हणून तिथं आता खालची तार बिनकाट्याची आणि हातभर वर बांधायला लागलेत. आपल्याकडं तारेइतकाच धोका बिनकठड्याच्या विहिरीचा. रात्री कुत्री मागं लागली की कळप सैरावैरा सुटतो.

काकांसाठी आज कायदेशीर वाट एकच, नुकसानभरपाई. तीन दिवसांच्या आत अर्ज, मग पंचनामा. गेल्या वर्षी काकांनी केला होता. मिळालेल्या पैशात बियाणं निघालं, रात्री नाही निघाल्या. मेनची वीज तारेत सोडायचा विचारसुद्धा करू नका, त्यात माणसं मरतात. झटका देणारं सोलर कुंपण वेगळं, ते चालतं. आणि कुठं काळवीट विहिरीत पडलेलं किंवा जखमी दिसलं, तर वनविभागाचा हेल्पलाइन नंबर 1926.

ज्यांना बघायचीत त्यांच्यासाठी: सोलापूरजवळ नान्नजचं माळढोक अभयारण्य, कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी. पुण्याहून जवळ हवं तर इंदापूरकडं कडबनवाडी आणि बारामतीकडं शिरसुफळ, तिथं वनविभागाची गवताळ सफारी आहे. सकाळी लवकर जा, गाडीतच बसा, रुमाल खिशात ठेवा.

मी हे सगळं काकांना त्याच रात्री मचाणावर बसून सांगितलं. थंडी मरणाची. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे माळ सरकारचा, हरणं सरकारची, आन् चारा माझा." याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

दोनच्या सुमाराला कळप आला. काकांनी पत्र्याचा डबा बडवला, आतेभावानं बॅटरी मारली, अंधारात डोळ्यांचे ठिपके चमकले आणि माळाकडं सरकत गेले. काका उभे राहून बोटानं मोजत होते. मग चप्पल शोधायला लागले.

"सकाळी अठरा व्हती. आता सतराच भरलीत," ते म्हणाले. "बॅटरी आण, हिरीत बघून येऊ."

विहिरीत फक्त पाणी होतं. काकांनी बॅटरी दोनदा कडेकडेनं फिरवली, आणि मग आम्ही परत आलो.