उणिवांकडून गुणांकडे : कर्मचारी-व्यवस्थापनाच्या शंभर वर्षांचा मागोवा

कामावरच्या माणसाच्या अंगी कोणते गुण आहेत हे ओळखून त्यांच्याभोवती त्याच्या कामाची आखणी करणे आणि त्या कामात त्याचे मन लागेल अशी परिस्थिती निर्माण करणे, या विचाराला गुणाधारित व्यवस्थापन असे म्हणता येईल. त्याच्या जोडीने येणारी संज्ञा ‘एम्प्लॉयी एंगेजमेंट’ ही होय. तिच्यासाठी येथे ‘कार्यसमरसता’ हा शब्द योजला आहे, आणि तिचा अर्थ समजण्यासाठी तिच्या अगदी विरुद्ध टोकाचा ‘पाट्या टाकणे’ हा मराठी वाक्प्रचार आठवला तरी पुरे. १९२४ ते २०२४ या शतकातील या विचाराची वाटचाल पाहता एक गोष्ट पुनःपुन्हा नजरेस येते : जेथे वरिष्ठाने हाताखालच्या माणसाकडे लक्ष दिले आणि त्याचे ऐकले तेथे कामाला बळ आले, आणि जेथे त्या लक्षाची जागा केवळ तक्त्यांनी घेतली तेथे ते बळ ओसरले.

या शतकाच्या उंबरठ्यावर फ्रेडरिक टेलर यांचे शास्त्रीय व्यवस्थापन उभे होते. १९११ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी बेथलेहेम पोलाद कारखान्यातील मजुरांचे उदाहरण दिले असून, दिवसाला साडेबारा टन कच्चे लोखंड वाहणारा मजूर, त्याची प्रत्येक हालचाल आणि विश्रांती ठरवून दिल्यावर, साडेसत्तेचाळीस टन वाहू शकतो असे त्यांचे प्रतिपादन होते. कामासाठी योग्य माणूस निवडावा हे टेलर यांनाही मान्य होते. मात्र विचार करणे कचेरीकडे आणि हात चालवणे मजुराकडे अशी त्यांनी वाटणी केल्यामुळे, मजुराच्या ताकदीपलीकडच्या आणि आज्ञाधारकपणापलीकडच्या गुणांना मोल उरले नाही.

या वाटणीला मोठा धक्का बसला तो शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात. १९२४ मध्ये तेथे सुरू झालेल्या प्रयोगांचा हेतू उजेड वाढवल्यास उत्पादन वाढते का, एवढेच पाहण्याचा होता. पण उजेड आणि उत्पादन यांचा सरळ मेळ बसेना. म्हणून १९२७ मध्ये टेलिफोन यंत्रणेतील रिले, म्हणजे विद्युतप्रवाह जोडणारी व तोडणारी छोटी साधने, जुळवणाऱ्या पाच स्त्रिया आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी सहावी यांना वेगळ्या खोलीत बसवण्यात आले. सुमारे पस्तीस भाग जुळवून मिनिटभरात एक रिले तयार होई, तो घसरपट्टीत टाकला की कागदी फितीवर एक छिद्र पडे, आणि त्या छिद्रांवरून प्रत्येकीच्या कामाची मोजदाद होई. मधल्या सुट्ट्या, हलका अल्पोपाहार, कामाचे कमी तास असे बदल त्या स्त्रियांशी बोलून एकामागून एक करण्यात आले आणि उत्पादन चढत गेले. पुढे या सवलती काढून जुना आठवडा पुन्हा लागू केला तेव्हाही ते पूर्वीच्या पातळीवर घसरले नाही.

उजेड किंवा सुट्ट्यांपेक्षा माणसाकडे दिलेल्या लक्षाने काम वाढते, या त्यातून काढलेल्या निष्कर्षावर पुढे आक्षेप घेतले गेले आणि ते रास्त आहेत, कारण या स्त्रियांची मजुरी त्यांच्या छोट्या गटाच्या उत्पादनाशी जोडलेली होती, आणि पुरेसे सहकार्य करत नाहीत म्हणून दोघींना १९२८ च्या आरंभी बदलण्यातही आले होते. हॉथॉर्नचा अधिक टिकाऊ ठेवा त्याच कारखान्यातील मुलाखतींच्या उपक्रमात सापडतो. १९२८ ते १९३० या काळात एकवीस हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. कर्मचारी ठरावीक प्रश्न सोडून स्वतःला महत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टींकडे वळतात हे ध्यानात आल्यावर प्रश्नांची यादी बाजूला ठेवली गेली, आणि अर्ध्या तासाची मुलाखत तास-दीड तास चालू लागली. कारखान्याने कामगाराला बोलू द्यावे आणि मध्ये न तोडता ऐकावे, हे त्या काळी अपूर्वच होते.

भारतात या विचाराची एक महत्त्वाची कसोटी अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत लागली. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस १९५३ मध्ये तेथे आले, तेव्हा स्वयंचलित मागांच्या साचेखात्यात २२४ मागांवरचे काम बारा प्रकारच्या कामगारांत विभागलेले होते आणि कोणत्याही मागाची पूर्ण जबाबदारी कोणा एका गटाकडे नव्हती. ठरावीक मागांचे सारे काम एका लहान गटाने सांभाळावे ही कल्पना पुढे येताच कामगारांनी ती उचलून धरली आणि गट जुळवण्यात स्वतः पुढाकार घेतला. उत्पादन वाढले आणि खराब कापडाचे प्रमाण घटले. तथापि १९७० च्या सुमारास एरिक मिलर यांनी पुन्हा पाहणी केली, तेव्हा एका साचेखात्यात गटपद्धती बव्हंशी टिकून होती, तर इतरत्र ती जुन्या वळणावर गेलेली आढळली. चांगली रचना एकदा उभी केली की आपोआप तग धरते, हा समज या पाहणीने खोटा ठरवला.

भारतीय कचेऱ्यांतील अडचण निराळी होती. सरकारी सेवेत वरिष्ठ दरवर्षी गोपनीय अहवाल लिहीत, आणि त्यातील प्रतिकूल शेरा तेवढा कर्मचाऱ्याला कळवण्याचा प्रघात होता. त्याच्याविषयी लिहिलेले चांगले शब्द फायलीतच राहत. उणीव कळवायची आणि गुण गुप्त ठेवायचा, ही रीत इतकी अंगवळणी पडली होती की प्रत्येक शेरा संबंधित कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाला २००८ मध्ये द्यावा लागला. उद्योगक्षेत्रात मात्र बदलाची सुरुवात बरीच आधी झाली होती. मुंबईत मुख्यालय असलेल्या लार्सन अँड टुब्रो कंपनीने १९७४ मध्ये अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांच्याकडे आपल्या मूल्यमापन-पद्धतीचा अभ्यास सोपवला. त्यांनी वार्षिक मूल्यमापन, पुढील जबाबदारी पेलण्याच्या क्षमतेचा अंदाज, समुपदेशन, प्रशिक्षण आणि बढतीचा मार्ग या सुट्या सुट्या गोष्टी एका सूत्रात गुंफल्या, आणि त्यातून १९७५ मध्ये उभा राहिलेला मनुष्यबळ विकास विभाग देशातील पहिला मानला जातो. माणसाला जोखायचे ते त्याला वाढवण्यासाठी, ही दृष्टी यातून भारतीय उद्योगांत रुजू लागली.

अमेरिकेत याच दृष्टीला मोजमापाची जोड दिली ती नेब्रास्का विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड क्लिफ्टन यांनी. त्यांच्या परंपरेत नेब्रास्कातील वाचनवेगाचा एक प्रयोग वारंवार सांगितला जातो : प्रशिक्षणाने सामान्य वाचकांचा वेग मिनिटाला ९० शब्दांवरून १५० वर गेला, तर मुळातच वेगवान असलेल्यांचा ३५० वरून २,९०० वर पोहोचला. मेहनतीचे सर्वांत मोठे फळ उणिवेच्या जागी नव्हे, तर गुणाच्या जागी मिळते, हा अर्थ त्यातून काढला गेला. क्लिफ्टन यांनी १९६९ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेने १९८८ मध्ये गॅलप ही सर्वेक्षणसंस्था विकत घेतली, आणि पुढे प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीने माणसाच्या स्वाभाविक कलांची ३४ सूत्रांत वर्गवारी केली. या मांडणीनुसार कल म्हणजे विचार, भावना आणि वर्तन यांचे पुनःपुन्हा प्रकटणारे वळण होय, आणि ज्ञान व कौशल्य यांची जोड मिळाल्यावरच ते बलस्थान बनते.

कार्यसमरसतेची संकल्पना १९९० मध्ये विल्यम कान यांनी मांडली. उन्हाळी शिबिरातील मार्गदर्शक आणि वास्तुरचना कार्यालयातील कर्मचारी यांचा अभ्यास करून त्यांनी तीन अटी सांगितल्या : कामात अर्थ वाटणे, मनातले बोलल्याने नुकसान होणार नाही असा विश्वास असणे, आणि काम पेलण्याइतके शारीरिक व मानसिक त्राण असणे. गॅलपने यथावकाश बारा विधानांची प्रश्नावली घडवली. जे काम सर्वोत्तम जमते ते रोज करायला मिळते का, गेल्या सात दिवसांत कौतुकाचा शब्द ऐकला का, असा तिचा रोख आहे. ३६ कंपन्यांतील ७,९३९ विभागांच्या माहितीवर आधारलेल्या २००२ च्या संशोधनात अशा उत्तरांचा ग्राहकांचे समाधान, उत्पादकता, नफा आणि कर्मचाऱ्यांची गळती यांच्याशी संबंध दिसून आला.

असे असूनही गॅलपच्याच पाहणीनुसार २०२४ मध्ये जगातील केवळ २१ टक्के कर्मचारी कामाशी समरस होते, म्हणजे मोजण्याची साधने भरपूर वाढली, पण जे मोजायचे ते त्या मानाने वाढले नाही. गुणांच्या गौरवालाही मर्यादा आहेत : गुण अति ताणला की तोच दोष होतो, आणि हिशेबात किंवा सुरक्षेत जी उणीव दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकते तिच्याकडे काणाडोळा करता येत नाही.

तरीही या शतकाचा कौल स्पष्ट आहे. हॉथॉर्नमध्ये प्रश्नांची यादी बाजूला सारली गेली तेव्हा कर्मचारी मोकळा झाला, आणि कॅलिकोत गटाला आपले माग मिळाले तेव्हा कापड सुधारले. त्याच गिरणीच्या इतर खात्यांत घडी विस्कटली, कारण ती रोज सांभाळावी लागते. वर्षाअखेरीच्या प्रश्नावलीला ते काम जमणार नाही. हाताखालच्या माणसाला काय चांगले जमते हे त्याच्या थेट वरिष्ठाने पाहणे, ते त्याला सांगणे आणि दुसऱ्या दिवशीच्या कामाच्या वाटपात ते उतरवणे, एवढ्यावर हा सारा विचार उभा आहे. आणि चांगला शेरा फायलीतून बाहेर यायला ज्या देशात २००८ साल उजाडावे लागले, तेथे या कामाला अजून बराच वाव आहे.